अर्धा पंखा पाण्यात, अर्धा हवेत: छोट्या स्पीडबोटीला उलट्या पंख्यांचा सरफेस ड्राइव्ह

कोल्हापूरला समुद्र नाही, पण समुद्रावरच्या यंत्रांची कामं इथे येतात. कोकणात वॉटर स्पोर्ट्सचा धंदा करणारे, हौसेखातर स्पीडबोट बाळगणारे लोक तुटका शाफ्ट किंवा झिजलेलं कपलिंग घेऊन गगनबावड्याचा घाट चढतात आणि उद्यमनगर गाठतात. नमुना दाखवला की तसाच भाग लेथवर उतरवून देणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. अशाच एका गिऱ्हाइकाचा, मूळचा कोल्हापूरचाच पण बोट मालवणात ठेवलेल्या माणसाचा, प्रश्न होता: "भावा, १९ फुटी बोट हाय, मागं व्ही-८ पेट्रोल इंजिन हाय. दोन उलट्या पंख्यांचा जुना सरफेस ड्राइव्ह मिळतोय. बसवू काय?"

ड्राइव्ह म्हणजे इंजिनाची शक्ती बोटीच्या पंख्यापर्यंत, म्हणजे प्रोपेलरपर्यंत, नेणारी यंत्रणा. हा ड्राइव्ह काय करतो आणि त्या बदल्यात काय मागतो हे कळलं, की असल्या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याला काढता येतं. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

स्पीडबोट वेगात आली की ती पाण्यात पोहत नाही, पाण्यावर घसरते. तळाखालून धावणारं पाणीच तिला वर उचलून धरतं आणि मागचा थोडासा तळ तेवढा पाण्याला टेकलेला राहतो. याला प्लेनिंग म्हणतात. बोट वर आली खरी, पण आउटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) किंवा स्टर्नड्राइव्हचा (इंजिन आत, पंखा धरणारा भाग मागे बाहेर) पाय खालीच राहतो. गिअरचा फुगीर डबा, त्याच्या खालचं पातं, वरचा दांडा, सगळं पाण्यात बुडालेलं असतं आणि पाणी फाडत चाललेलं असतं.

पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. ताशी ६० किलोमीटरवरून ७५ वर जायचं म्हणजे वेग फक्त सव्वापट, पण तो पाय ओढायला शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. म्हणून एका टप्प्यानंतर नुसतं इंजिन मोठं करत गेलं तर पेट्रोल जळतं, वेग मात्र चिमूटभर वाढतो. सरफेस ड्राइव्हची कल्पना इथूनच निघाली. पाय पाण्याबाहेर काढायचा, पंख्याचा आस पाण्याच्या पातळीवर आणायचा आणि पंख्याचा खालचा अर्धा भाग तेवढा पाण्यात चालवायचा.

कल्पना जुनी आहे. विल्यम अल्बर्ट हिकमन यांनी १९१० च्या दशकात आपल्या 'सी स्लेड' बोटींना असे अर्धे बुडालेले पंखे लावले होते. आज ज्या रूपात हा ड्राइव्ह ओळखला जातो ते रूप कॅलिफोर्नियाच्या हॉवर्ड आर्नेसन यांनी १९८० च्या आसपास दिलं. त्याआधी हे गृहस्थ पोहण्याच्या तलावाची सफाई करणाऱ्या यंत्रासाठी ओळखले जात. यंत्राची खोड असलेल्या माणसाला विषयाचं बंधन नसतं, एवढंच यावरून म्हणायचं.

थंड पाणी उकळतं तेव्हा

पंचगंगेच्या काठी ज्यांची शेतीची मोटर आहे त्यांना पुढची गोष्ट निम्मी ठाऊक आहे. उन्हाळ्यात नदीची पातळी उतरते, सक्शनची उंची वाढते आणि पंपातून आत खडे फिरत असल्यासारखा आवाज यायला लागतो. पंप खोलला तर इम्पेलरवर किड्याने खाल्ल्यासारखे बारीक खड्डे दिसतात. खडे कुठेच नसतात. पात्यामागे दाब इतका उतरतो की पाणी गार असतानाच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि ते बुडबुडे जास्त दाबाच्या जागी पोचले की फट्कन मिटतात. मिटताना बसणारा तडाखा धातू उखडतो. ३० अंशाचं पाणी उकळायला दाब वातावरणाच्या सुमारे चार टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो, आणि जोरात फिरणाऱ्या पात्याच्या पाठीवर तो तितका सहज उतरतो. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

बोटीच्या पंख्यालाही हेच होतं. चार्ल्स पार्सन्स यांनी १८९४ मध्ये 'टर्बिनिया' ही वाफेच्या टर्बाइनवरची पहिली बोट पाण्यात सोडली, तेव्हा टर्बाइन ठणठणीत होतं आणि बोट मात्र अपेक्षित वेग घेईना. एकच पंखा इतक्या जोरात फिरत होता की पाण्याऐवजी वाफेच्या पोकळीतच घुमत होता. शेवटी एकाऐवजी तीन शाफ्ट घालून प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसवले. १८९७ च्या आरमारी संचलनात याच बोटीने ३४ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी ६० किलोमीटरहून जास्त वेगाने, सगळ्या युद्धनौकांना मागे टाकलं.

सरफेस पंखा या दुखण्यावर सरळ हवेचा इलाज करतो. प्रत्येक पातं दर फेरीत हवेतून पाण्यात शिरतं आणि शिरताना पाठीवर हवेची पोकळी घेऊन येतं. त्या पोकळीत दाब वातावरणाचा असतो, पाणी उकळण्याइतका खाली जात नाही. मग वाफेचे बुडबुडे नाहीत आणि ते मिटण्याचा तडाखाही नाही. पात्याच्या पाठीवरची ओढ मात्र हातची जाते आणि पुढचा जोर जवळजवळ सगळा दाबणाऱ्या बाजूने काढावा लागतो. म्हणून हे पंखे वेगळेच दिसतात. पात्याची पुढची कड सुरीसारखी धारदार असते आणि मागे जाताजाता पातं जाड होत जातं. मागची कड तर उभी कापल्यासारखी बोथट, तिला आतल्या बाजूने थोडी मुरड. साध्या पंख्याच्या डौलदार पात्यांशेजारी हे पातं ओबडधोबड वाटतं, पण त्याची जाडी मागच्या हवेच्या पोकळीत लपते, पाण्याला ती दिसतच नाही.

पाती बहुधा चार ते सहा असतात, कारण प्रत्येक पातं दर फेरीला पाण्यावर आपटतं आणि तो धक्का वाटून घ्यायला पाती जास्त लागतात. मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरणारा पाच पात्यांचा पंखा सेकंदाला २५० आपट्या खातो. पात्याच्या मुळाशी चीर जाते ती याने.

एक पंखा बाजूला ढकलतो

मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा डोळ्यासमोर आणा. त्याची खालची पाती उजवीकडून डावीकडे जातात. पाणी डावीकडे लोटलं जातं, म्हणजे बोटीचा मागचा भाग उजवीकडे सरकतो आणि नाक डावीकडे वळतं. पंखा पूर्ण बुडालेला असेल तर वरची पाती उलट दिशेने पाणी लोटून हा धक्का बराचसा फेडतात. सरफेस ड्राइव्हमध्ये वरची पाती हवेत असल्यामुळे फेडायला कुणीच नसतं. शिवाय पंखा एका दिशेने फिरवला की बोट दुसऱ्या दिशेने कलू पाहते. मोठ्या बोटीत दोन इंजिनं असतात, एक पंखा डावीकडे फिरणारा आणि एक उजवीकडे फिरणारा लावला की हिशेब मिटतो. १९ फुटी बोटीत दुसऱ्या इंजिनाला जागाच नसते. एका इंजिनावर नुसता एकच सरफेस पंखा लावून वेगात गेलात तर स्टिअरिंग सतत ताणून धरावं लागतं, आणि हलक्या बोटीत ते अंगावर येतं.

तोडगा असा की एकाच आसावर दोन पंखे, एकामागे एक, उलट्या दिशांनी फिरणारे. पोकळ शाफ्टच्या आतून दुसरा शाफ्ट जातो. बाहेरच्या पोकळ शाफ्टवर पुढचा पंखा, आतल्या शाफ्टवर मागचा. जॉन एरिकसन यांनी १८३६ मध्येच उलट्या फिरणाऱ्या पंख्यांच्या जोडीचं पेटंट घेतलं होतं. टॉर्पेडोनेही ही युक्ती उचलली, कारण एकट्या पंख्याने टॉर्पेडो स्वतःभोवती गोल फिरायला लागला असता. हौशी बोटींत ती रुळली १९८२ मध्ये, व्होल्वो पेंटाच्या ड्युओप्रॉपपासून.

दोन पंखे उलटे फिरवायला दोन गिअरबॉक्स लागतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही. गाडीचा क्राऊन-पिनियन बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल. वरून उभा शाफ्ट खाली येतो, त्याच्या टोकाला पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक; क्राऊन म्हणजे त्याला भिडणारं मोठं. पिनियनच्या एका बाजूला एक क्राऊन, दुसऱ्या बाजूला दुसरा, दोन्ही त्याच पिनियनला भिडलेले. पिनियन फिरला की समोरासमोरचे दोन क्राऊन आपोआप उलट्या दिशांनी फिरतात. एकाला आतला शाफ्ट जोडायचा, दुसऱ्याला बाहेरचा. पिनियनच्या दातांवरचा जोर दोन ठिकाणी वाटला जातो हा वरचा फायदा. मी बघितलेल्या गिअरच्या रचनांमध्ये इतकी नीटस रचना कमीच आहे.

छोट्या वेगवान बोटींसाठी या दोन्ही कल्पना एकत्र आणणारा ड्राइव्ह मर्क्रूझरने १९९० च्या आसपास काढला, त्याचं नाव ब्लॅकहॉक. जुन्या बाजारात दोन पंख्यांचा सरफेस ड्राइव्ह मिळतोय असं कुणी म्हणालं तर बहुधा याच जातीची वस्तू असते.

माहितीपत्रकांत इथे एक गोष्ट जरा फुगवून लिहिलेली असते. पूर्ण बुडालेल्या जोडीत पुढच्या पंख्याने गोल घुसळलेलं पाणी मागचा पंखा सरळ करतो आणि वाया जाणारी थोडी शक्ती परत मिळवतो. ते खरंच आहे. सरफेस ड्राइव्हमध्ये मात्र मागच्या पंख्याच्या वाट्याला पुढच्याने हवा कालवलेलं फेसाळ पाणी येतं, तिथे हा लाभ तितका धरू नये. इथे जोडीचा खरा उपयोग बाजूचा धक्का आणि कलणं मिटवण्याचा. तेवढ्यासाठीच घ्यायचा तर घ्या.

बसवताना खरं काम कुठे आहे

ड्राइव्ह विकत घेणं हे सगळ्यात सोपं काम. काम निघतं ते बोटीच्या मागच्या भिंतीत, म्हणजे ट्रान्सममध्ये. जुन्या फायबर बोटीत ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं आणि त्यात पाणी मुरलेलं असण्याची शक्यता दांडगी. हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळीकडे ठोकून बघा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. शंका आली तर आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारा आणि पात्याला चिकटून येणारा भुसा बघा. फिकट आणि कोरडा असेल तर भोक इपॉक्सीने बुजवून पुढे चला. काळपट, ओला, वास मारणारा असेल तर ड्राइव्हचं नाव तिथेच थांबवून आधी ट्रान्सम करा. पंख्यांचा सगळा जोर शेवटी त्याच भिंतीवर येतो.

मग जाडी. मर्क्रूझरच्या स्टर्नड्राइव्हना ट्रान्समची जाडी ५१ ते ५७ मिलिमीटर लागते, आणि आतली-बाहेरची बाजू एकमेकींना ३ मिलिमीटरच्या आत समांतर असावी लागते. जाडी कमी असेल तर वॉशर घालून भागवू नका, लॅमिनेट, म्हणजे फायबरचे थर, चढवा.

त्यानंतर उंची, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. साध्या स्टर्नड्राइव्हमध्ये पंख्याचा आस तळाच्या बराच खाली असतो. सरफेसमध्ये तो तळाच्या रेषेजवळ यायला हवा. म्हणजे ड्राइव्ह वर, म्हणजे ट्रान्सममधलं भोक वर, म्हणजे इंजिन वर. आधीच्या ड्राइव्हचं भोक आहे तिथेच नवा बसवला तर पंखे खोल बुडतात, इंजिनाला ते पेलत नाहीत आणि सगळा खर्च पाण्यात. इंजिन वर घेतलं की बोटीचा तोलही वर जातो, हे १९ फुटी बोटीत वळताना जाणवतं. त्यातच सरफेस पंखे मागचा भाग वर उचलतात आणि नाक दाबतात. म्हणून बॅटरी आणि टाकी कुठे ठेवायची हे ड्राइव्ह ठरवतानाच ठरवून घ्यावं.

इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आणायला अलाइनमेंट बार लागतो. बोट ट्रेलरवर नीट टेकलेली असू दे, तळ वाकला की माप पण वाकतं. बारच्या टोकाला ग्रीस फासायचं आणि बार ट्रान्सममधल्या जिंबल बेअरिंगमधून इंजिनाच्या कपलरच्या स्प्लाइनमध्ये, म्हणजे आतल्या खाचांमध्ये, सरकवायचा. तो दोन बोटांनी आत गेला पाहिजे. बाहेर काढून ग्रीसवरचे ठसे बघायचे. सगळ्या बाजूंनी सारखे असतील तर झालं. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असतील तर इंजिनाचे पुढचे माउंट वर-खाली करायचे, बार पुसायचा, पुन्हा ग्रीस, पुन्हा बघायचं. ठोकून बसवलेलं इंजिन पहिल्या मोसमातच कपलर खातं. आपल्याकडे डायल गेज लावून शाफ्ट शतांशात बघणारे मिस्त्री आहेत, त्यांना हे काम दिलं तर ते मन लावून करतात, फक्त घाई करायला सांगू नये.

थंड पाण्याची वाट लोक विसरतात. बऱ्याच ड्राइव्हमध्ये इंजिन थंड ठेवणारं पाणी पायातल्याच छिद्रांतून आत येतं. पाय वर घेतला की ती छिद्रं वेगात हवा ओढू शकतात आणि इंजिन तापतं. छिद्रं खाली असलेला ड्राइव्ह असेल तर ठीक, नाहीतर तळातून वेगळं पाणी घ्या.

शाफ्ट, फ्लँज, ब्रॅकेट, स्पेसर ही कामं इथे बिनघोर करून घ्यावीत. पंखे मात्र करून घेऊ नयेत. शिरोलीच्या फाउंड्र्या कास्टिंगला कमी नाहीत, पण प्रश्न कास्टिंगचा नसतो. दर पात्याचा पिच (एका फेरीत पंखा जितकं पुढे जाईल ते अंतर) सारखा, मागच्या कडेची मुरड सारखी, तोल काटेकोर आणि सेकंदाला शेकडो आपट्या खाऊनही मुळाशी चीर जाणार नाही असं स्टेनलेस, एवढं सगळं एका जोडीसाठी जमवणं परवडत नाही. म्हणून जुना ड्राइव्ह बघायला जाल तेव्हा त्याच्यासोबत पंख्यांच्या किती जोड्या देतो ते आधी विचारा. पंखे नसलेला ड्राइव्ह फुकट मिळाला तरी महागच पडतो. गिअर ऑइल काढून बघायला हयगय करू नका. दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी आत गेलेलं आहे, आणि दोन शाफ्टवाल्या ड्राइव्हला सीलही जास्त असतात.

जे ब्रोशरमध्ये बारीक अक्षरात असतं

सरफेस ड्राइव्ह वेगात राजा आणि कमी वेगात त्रास. बोट उभी असते तेव्हा पंखे पूर्ण बुडालेले असतात. बुडालेल्या मोठ्या पंख्यांना फिरवायला खूप टॉर्क लागतो आणि इंजिन तर अजून खालच्या फेऱ्यांवर असतं. त्यामुळे बोट नाक वर करून पाणी ढकलत राहते, प्लेनवर यायला वेळ लावते. काही ड्राइव्हमध्ये एक्झॉस्ट किंवा हवा पंख्यांकडे सोडून त्यांचा भार हलका करतात. रिव्हर्स तर नावालाच असतो, कारण तेव्हा पात्याची जाड बोथट कड पुढे येते. ज्याला बोट वरचेवर जेट्टीला लावावी लागते त्याने याचा विचार करावा.

वेगाचं गणित कागदावर सोपं आहे. २० इंची पिचचा पंखा एका फेरीत, पाणी न घसरता, सुमारे अर्धा मीटर पुढे जातो. मिनिटाला ३,००० फेऱ्या म्हणजे तासाला साधारण ९० किलोमीटर. १५ टक्के घसरण धरली तर ७६-७७. यापेक्षा फार मोठा आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर पिच आणि फेऱ्या विचारा, पुढचं आपण घरी करू शकतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. टर्बो नसलेलं इंजिन इथे समुद्रकाठच्या मानाने पाचेक टक्के शक्ती कमी देतं. म्हणून एखाद्या धरणाच्या पाण्यात पंखा जुळवून घेतलात आणि बोट मालवणला नेलीत तर तिथे फेऱ्या वाढलेल्या दिसतील. अंतिम पिच जिथे बोट चालणार तिथेच ठरवावा. ॲनोडचंही तसंच. ॲल्युमिनियमचा ड्राइव्ह गंजू नये म्हणून जो बळीचा धातू लावतात तो गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा असतो, समुद्रात जस्ताचा. मॅग्नेशियम लावून समुद्रात गेलात तर तो बघता बघता संपतो. ॲल्युमिनियमचा ॲनोड दोन्हीकडे चालतो.

रंकाळ्यात किंवा पंचगंगेत याची चाचणी घ्यायचं डोक्यातही आणू नका. गर्दीचं पाणी, जलपर्णी, घाटावर पोहणारी पोरं, आणि मागे उघडे फिरणारे दोन पंखे. नदी-तलावात यांत्रिक बोट चालवायला इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ प्रमाणे नोंदणी आणि तपासणी लागते. किनाऱ्यावर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे विचारा. ड्राइव्ह बदलल्यावर आधीचे कागद चालतील असं गृहीत धरू नका.

राहता राहिला एक प्रश्न, जो कोल्हापुरात बोटीचा विषय निघाला की कुणी ना कुणी विचारतंच: पुरात हे का वापरत नाहीत, पाय वर असतो तर उथळ पाण्यात बरं नाही का? २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या माणसाने असं विचारणं साहजिक आहे. पण पुरातल्या बोटीचं काम गल्लीत हळू शिरण्याचं, खांबाला न आपटता मागे येण्याचं आणि पाण्यातल्या माणसाला मागून वर घेण्याचं असतं. सरफेस ड्राइव्ह नेमका या तिन्ही ठिकाणी वाईट आहे. तिथे पंख्याला जाळी लावलेलं साधं आउटबोर्ड असलेली रबरी बोटच हवी.